सहीसाठी थांबलेला हात

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आले त्या दिवशीच वाचले, पण उत्तराला आठवडा लागला. इतर वाचकांसाठी आधी पत्रातली हकीकत थोडक्यात सांगते.

तुमचा धाकटा भाऊ गणित शिकवतो. आपल्याच संस्थेत परीक्षेचे गुण मागाहून बदलले जातात, असे त्याने दोन वर्षांपूर्वी व्यवस्थापनाला लेखी कळवले. कोणी दाद देईना, तेव्हा जाहीरपणे लिहिले. यंदा त्याचा फोटो लावलेला एक संदेश फिरू लागला: हा मास्तर पैसे घेऊन गुण वाढवतो, मुलांना याच्यापासून लांब ठेवा. चौकशी झाली, काहीही निघाले नाही. संदेश हजारोंनी पुढे पाठवला होता, चौकशीचा निकाल मात्र कोणी पाठवला नाही. चार महिने झाले, भाऊ वर्गाखेरीज कुठे जात नाही. आता ओळखीतले काही लोक एक निवेदन घेऊन आले आहेत. कडक कायदा करा, अशी त्यांची मागणी आहे. ‘कोणत्याही व्यक्तीचा, संस्थेचा अथवा पदाचा अवमान करणारा, खोटा किंवा समाजात अस्वस्थता पसरवणारा मजकूर लिहिणाऱ्यास वा पुढे पाठवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व्हावी.’ तुम्ही लिहिता, “पेन हातात घेतले आणि हात थांबला. बोलण्याला बेड्या नकोत, असे सांगत मी कॉलेजात वादविवादाची बक्षिसे मिळवली. आता घरावर आले तर मीच बेड्या मागते आहे. तेव्हा मी चुकत होते की आता?”

सही करू नका. निदान या मसुद्यावर तरी करू नका. पण म्हणून बोलण्याला कायद्याची मर्यादा असूच नये, असेही मी म्हणणार नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत जे झाले ते कायद्याने हात लावावे असेच आहे.

वादविवादात आपण म्हणायचो की शब्दाला उत्तर शब्दाने द्यावे. मते मांडली जात असतील तिथे हे आजही मला पटते. पण ‘हा पैसे घेतो’ हे मत नव्हे. ते एका माणसाविषयीचे विधान आहे, खरे तरी आहे किंवा खोटे तरी, आणि लिहिणाऱ्याला ते पडताळता आले असते. ज्या हजार जणांनी ते वाचले त्यांच्यापर्यंत तुमच्या भावाचे उत्तर पोहोचण्याची वाटच नाही. ज्याच्या तोंडावर हात ठेवलाय त्याला ‘तूही बोल की’ म्हणण्यासारखे ते आहे. म्हणून बदनामीवर दाद मागण्याची सोय जवळजवळ प्रत्येक देशाच्या कायद्यात आहे. बोलण्याच्या स्वातंत्र्याला सर्वांत जास्त मोकळीक देणाऱ्या अमेरिकेतसुद्धा खरीखुरी धमकी, फसवणूक, खोटी साक्ष आणि बदनामी यांना संरक्षण नाही. तेव्हा मर्यादा असावी की नसावी, हा प्रश्न तसा केव्हाच निकालात निघाला आहे. भांडण आहे ते मर्यादा कुठे आखायची आणि आखणी कोणाच्या हातात द्यायची यावर.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल हा या स्वातंत्र्याचा मोठा कैवारी. त्याने १८५९ साली दिलेले एक उदाहरण मला अजून सगळ्यांत उपयोगी वाटते. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असे वर्तमानपत्रात छापले तर छापू द्यावे, तो म्हणतो. पण तेच वाक्य व्यापाऱ्याच्या दारात, चिडलेल्या जमावापुढे उभे राहून कोणी बोलला, तर त्याला शिक्षा करणे योग्य ठरू शकते. वाक्य एकच, पण एके ठिकाणी ते वाद आहे आणि दुसऱ्या ठिकाणी हातात दिलेला धोंडा. कायद्याने नुसते शब्द पाहून चालत नाही. ते कोण, कुठे, कोणापुढे, कशासाठी बोलतो आहे आणि त्यातून लगेच काय घडणार आहे, हेही पाहावे लागते.

हे विसरल्यावर काय होते ते आफ्रिकेतल्या रवांडात दिसले. तिथे जुलै १९९३ मध्ये एक खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. गाणी, थट्टामस्करी, श्रोत्यांशी गप्पा असा त्याचा बाज होता आणि तरुणांना तो आवडायचा. त्या गप्पांतच तिथल्या अल्पसंख्य तुत्सी जमातीच्या लोकांना ‘झुरळे’ म्हणणे रुळले. एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाली तेव्हा हेच केंद्र माणसांची नावे सांगू लागले, ती कुठे लपली आहेत ते सांगू लागले. सुमारे १०० दिवसांत अंदाजे ८ लाख माणसे मारली गेली. त्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये या केंद्राच्या दोन संस्थापकांना आणि एका वृत्तपत्राच्या संपादकाला दोषी ठरवले. २००७ च्या अपिलात काही आरोप गळाले, शिक्षा कमी झाल्या, पण तिघेही दोषीच राहिले. ज्या माणसाचे नाव त्या रेडिओवर वाचले गेले त्याला ‘तू आपले म्हणणे मांड’ असे सांगून काय उपयोग होता? एखाद्या गटाला आधी माणसांतून काढायचे आणि मग त्याच्या घराचा पत्ता द्यायचा, हे बोलणे नव्हे, त्या कृत्याची ती पहिली पायरी असते. ती रोखायला कायदा हवा, आणि वेळेवर हवा. याबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

निवेदन घेऊन आलेले लोकही तुम्हाला असेच काही सांगत असतील. भरल्या थिएटरात ‘आग, आग’ म्हणून ओरडायचे स्वातंत्र्य कोणाला असते का, हा दाखलाही देत असतील. मर्यादेची बाजू घेणारा प्रत्येक जण तो देतो. त्यामागची गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही, म्हणून ती सविस्तर सांगते.

हा दाखला मार्च १९१९ मधल्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला आहे. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिले की, थिएटरात खोटेच ‘आग’ ओरडून घबराट माजवणाऱ्याला कोणतेही स्वातंत्र्य वाचवणार नाही. वाक्य बिनतोड आहे. पण त्यांच्यापुढे उभा असलेला आरोपी कोण होता? चार्ल्स शेंक नावाचा समाजवादी पक्षाचा पदाधिकारी. पहिले महायुद्ध चालू होते, आणि सक्तीची सैन्यभरती ही गुलामगिरी आहे, तिच्याविरुद्ध आपले हक्क बजावा, अशी पत्रके त्याने वाटली होती. कुठे थिएटर नव्हते, घबराट नव्हती. सरकारच्या धोरणाशी न पटणारे एक मत होते, तेही कागदावर. आगीच्या त्या दाखल्याखाली हे पत्रक गुन्हा ठरले, तेही एकमताने.

आठवडाभरातच त्याच न्यायालयाने समाजवादी पुढारी युजीन डेब्झ यांची १० वर्षांची शिक्षा कायम केली. त्यांनी जून १९१८ मध्ये युद्धविरोधी भाषण केले होते, एवढाच त्यांचा अपराध. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ते तुरुंगातून लढले आणि त्यांना ९ लाखांहून जास्त मते पडली. १९२१ च्या डिसेंबरात त्यांची सुटका झाली. स्वतः होम्स यांचे मत काही महिन्यांतच बदलू लागले होते. १९१९ च्याच नोव्हेंबरात पत्रकांच्याच दुसऱ्या खटल्यात त्यांनी बहुमताविरुद्ध निकाल लिहिला. पण न्यायालयाला पुढे सरकायला ५० वर्षे लागली. १९६९ मध्ये ठरले की चिथावणीबद्दल शिक्षा करायची तर ते बोलणे तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्यासाठीच केलेले असावे आणि ते घडण्याचा संभवही असावा. ही मोकळीक ज्याच्या खटल्यात मिळाली तो कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या संघटनेचा पुढारी होता, त्याचे विचार मला किळसवाणे वाटतात. तरी तो निकाल मला बरोबर वाटतो, कारण पुढच्या वेळी त्या पिंजऱ्यात कोण उभे असेल हे कोणालाच ठाऊक नसते.

आता निवेदनाचा मसुदा पुन्हा वाचा. त्यातले मला सगळ्यांत जास्त खटकणारे शब्द आहेत ‘समाजात अस्वस्थता पसरवणारा’. अस्वस्थता कोणाला वाटली म्हणजे गुन्हा? किती वाटली म्हणजे? हे ठरवायला मोजमाप नाही, त्यामुळे ते ठरवण्याचा अधिकार आपोआप पहिल्यांदा तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. भारतात हा प्रयोग होऊन गेलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ या कलमात त्रासदायक, गैरसोयीच्या आणि अशाच मोघम वर्णनांच्या संदेशांना तीन वर्षांपर्यंत कैद होती. तुमच्या मसुद्यातली शिक्षाही नेमकी तेवढीच आहे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पूर्णपणे रद्द केले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, कायद्याने हात घालायचा तो तिसरीला, असे त्या निकालात स्पष्ट केले आहे. पण सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, मेलेल्या कलमाखाली अजून गुन्हे नोंदवले जात आहेत हे त्याच न्यायालयापुढे आले. मोघम शब्द एकदा यंत्रणेच्या हातात गेले की कायदा गेला तरी सवय जात नाही.

आणि ‘खोटा’ हा शब्द? तो तर निर्विवाद वाटतो. खोटे पसरवणाऱ्याची बाजू कोण घेईल? पण ज्या क्षणी बोलले जाते त्या क्षणी खरेखोटे ठरलेले असतेच असे नाही. वूहानमधले नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या सहकारी डॉक्टरांना एका नव्या, सार्ससारख्या आजाराबद्दल सावध केले. चार दिवसांनी पोलिसांनी त्यांना बोलावून खोटी विधाने केल्याबद्दल समज दिली आणि तसे लिहिलेल्या कागदावर त्यांची सही घेतली. त्याच आजाराने ७ फेब्रुवारी २०२० रोजी ते वारले. मार्चमध्ये ती समज मागे घेण्यात आली, कुटुंबाची माफीही मागितली गेली. तोवर जग बंद पडू लागले होते. ‘खोटे’ म्हणजे गुन्हा असे ठरले की खोटे काय हे सांगण्याचा मक्ता सत्तेकडे जातो. म्हणून खोटेपणा एकटा पुरेसा नाही. त्याबरोबर बेपर्वाई किंवा दुष्ट हेतू हवा आणि कोणाचे तरी ठोस नुकसान हवे.

ताई, इथे तुमच्याच पत्रातल्या एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधते. तुम्ही ती ओघात लिहून गेलात. तुमच्या भावाने दोन वर्षांपूर्वी जे जाहीर लिहिले ते या मसुद्यापुढे ठेवून पाहा. संस्थेचा अवमान? झाला. पदाचा अवमान? गुण बदलले जातात म्हणजे परीक्षा घेणारे अप्रामाणिक आहेत, असेच त्याने म्हटले. अस्वस्थता? पालकांत पसरलीच असणार, पसरायलाच हवी होती. खोटे? त्याच्या हाती तेव्हा किती कागद होते ते तुम्हाला माहीत आहे. एखादी तारीख, एखादा आकडा चुकला असता तर? हा कायदा त्या वेळी असता तर या कलमाखालची पहिली तक्रार तुमच्या भावाने केली नसती, ती त्याच्याविरुद्ध झाली असती. तक्रार करायला लागतो वेळ, वकील आणि पैसा, आणि या तिन्ही गोष्टी मास्तरापेक्षा संस्थेकडे नेहमीच जास्त असतात.

म्हणून मसुद्यातून ‘संस्था’ आणि ‘पद’ हे दोन शब्द गेलेच पाहिजेत. संस्थेला अपमान वाटत नाही, तो पदावर बसलेल्यांना वाटतो. आणि पदावर बसणाऱ्याने टीका जास्त सोसायची असते, कारण त्याच्या हातात इतरांपेक्षा जास्त अधिकार असतात. १९६४ मधला अमेरिकेचाच एक निकाल याबाबत फार मोलाचा आहे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या बाजूने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक जाहिरात आली होती. तिच्यात बारीकसारीक चुका होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांना चारदा अटक झाली होती, जाहिरातीत सातदा म्हटले होते. विद्यार्थ्यांनी एक गीत म्हटले होते, जाहिरातीत दुसऱ्याच गीताचे नाव होते. एवढ्या भांडवलावर अलाबामातल्या एका अधिकाऱ्याने बदनामीचा दावा लावला आणि स्थानिक ज्यूरीने त्याला ५ लाख डॉलर देऊ केले. जाहिरातीत त्याचे नावसुद्धा नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. सार्वजनिक अधिकाऱ्याला भरपाई हवी असेल तर विधान खोटे असल्याचे माहीत असताना, किंवा खरेखोटे याची पर्वा न करता ते केले, हे त्याने सिद्ध करायला हवे, असे ठरले. नाहीतर अन्यायाबद्दल लिहिणारा प्रत्येक माणूस एका चुकीच्या आकड्यासाठी घरदार गमावू शकतो. तुमच्या भावासारख्याच माणसांसाठी ही जागा राखून ठेवली आहे.

मग मी कोणत्या मर्यादा मान्य करते? प्रत्यक्ष धमकी. हिंसेची तत्काळ चिथावणी. एखाद्या समूहाविरुद्ध मारहाणीला, बहिष्काराला उद्युक्त करणारा द्वेष. कोणाचा खासगी फोटो, पत्ता, आजारपण उघड करणे. आणि नाव घेऊन, बेपर्वाईने केलेले खोटे आरोप, म्हणजे तुमच्या घरी जे घडले ते. यांतल्या पहिल्या दोघांसाठी तुरुंगही मला योग्य वाटतो. बदनामीसाठी नाही. तिथे जाहीर माफी, मजकूर काढून टाकणे आणि चांगली जड नुकसानभरपाई यांवर माझा विश्वास आहे. श्रीलंकेने २००२ मध्ये आणि ब्रिटनने २००९ च्या कायद्याने बदनामी फौजदारी गुन्ह्यांतून काढून टाकली, दिवाणी दावा ठेवला. भारतात ती अजून गुन्हा आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि नव्या न्याय संहितेतही दोन वर्षांपर्यंतची कैद कायम आहे. त्या फौजदारी कायद्यात आरोप नुसता खरा असून भागत नाही, तो लोकहितासाठी केला होता हेही दाखवावे लागते. मला हे बरे वाटत नाही. खरे बोलणाऱ्याला पुन्हा ‘का बोललास’ विचारणे अन्यायाचे आहे.

द्वेषाच्या बोलण्याबाबत मी जरा जास्त चाचपडते, हे मान्य करते. ते रोखावे असे आंतरराष्ट्रीय नागरी व राजकीय हक्कांचा १९६६ चा करारच सांगतो. पण कोणते बोलणे शिक्षेच्या पातळीला पोहोचले, हे ठरवायचे कसे? २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मोरोक्कोतल्या राबात शहरी जमलेल्या तज्ज्ञांनी सहा गोष्टी पाहायला सांगितल्या: भोवतालची परिस्थिती, बोलणाऱ्याचे वजन, त्याचा हेतू, मजकूर आणि त्याची मांडणी, तो किती पसरला, आणि त्यातून इजा होण्याचा संभव किती व किती लवकर. मिलच्या व्यापाऱ्याच्या दारातला जमाव यात पुन्हा दिसतो ना? मला ही कसोटी आवडते, कारण ती ‘भावना दुखावल्या का’ हे विचारत नाही. भावना माझ्याही रोज दुखावतात. दुखावलेली भावना हा शिक्षेचा आधार झाला की जो जास्त लवकर आणि जास्त मोठ्याने दुखावतो त्याचे राज्य येते.

आणि कायदा पुरेसा असतो, या समजुतीतही राहू नका. ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारे साप्ताहिक चालवणाऱ्या युलियस श्ट्रायशरवर १९३३ पूर्वीच्या लोकशाही जर्मनीत खटले झाले होते, शिक्षाही झाल्या होत्या. त्याने काही अडले नाही. शेवटी १९४६ मध्ये, नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यानंतर, न्यूरेंबर्गला तो फासावर गेला, तोवर सारे होऊन चुकले होते. आजूबाजूच्या माणसांनी ते साप्ताहिक विकत घेणे, ते शेजाऱ्याला देणे थांबवले असते तर काय झाले असते, हा विचार मला अनेकदा छळतो.

हे सगळे मी लांबून बोलत नाही. तरुणपणी मी एका छोट्या नियतकालिकात काम करायची. एका माणसाने पैशांचा घोळ केला, अशी बातमी आम्ही एकाच्याच सांगण्यावरून छापली. त्याला एक फोन करायचे राहून गेले, माझ्याकडून राहून गेले. बातमी चुकीची होती. पुढच्या अंकात आम्ही आतल्या पानावर चार ओळींची दिलगिरी छापली. तो माणूस कार्यालयात आला, ओरडला नाही, नुसता म्हणाला, “पहिल्या पानावर घालवलीत, आतल्या पानावर परत देताय.” म्हणून माफी मूळ मजकुराइतक्याच ठळकपणे आणि त्याच माणसांपर्यंत पोहोचली पाहिजे, अशी सक्ती कायद्यात हवी असे मी तेव्हापासून म्हणते. तीन वर्षे कैदेपेक्षा हे कलम तुमच्या भावाच्या जास्त कामाचे आहे. निवेदनात घालायचे तर हे घाला.

आता भावाबद्दल. मूळ संदेश, तो कोणकोणत्या गटांत आला, कोणत्या तारखेला, कोणाकडून, याचे स्क्रीनशॉट तारीख आणि नंबर दिसतील असे जपून ठेवा. ज्यांच्याकडे आला त्यांना तो पुसू नका म्हणून सांगा. चौकशीचा निकाल संस्थेकडून लेखी, सही-शिक्क्यानिशी घ्या. तोंडी ‘काही निघाले नाही’ याला किंमत नाही. वकिलामार्फत पहिल्यांदा नोटीस द्या: मजकूर मागे घ्या, त्याच गटांत त्याच फोटोसह माफी टाका. सगळ्या हजार जणांच्या मागे लागू नका. ज्यांनी न वाचता पुढे पाठवले त्यांतले बरेच जण, त्यांच्याकडे चौकशीचा निकाल गेला तर, तोही पुढे पाठवतील. निदान पाठवा असे हक्काने म्हणा. तुम्ही बोलणाऱ्या आहात, हे काम तुमचे आहे. मूळ लिहिणारा मात्र सोडू नका. तो सापडला आणि दोन वर्षांपूर्वीच्या तक्रारीशी त्याचा धागा जुळला, तर ही साधी बदनामी राहणार नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्याचा सूड म्हणून तुमच्या वकिलाला ती मांडता येईल. आणि भावाला सांगा की त्याचे ते जुने पत्र त्याने मागे घेऊ नये. हा संदेश कदाचित त्यासाठीच फिरवला गेला असेल.

तुम्ही विचारलेत, तेव्हा चुकत होते की आता. तेव्हा तुम्ही सत्तेला डोळ्यांपुढे ठेवून बोलत होता आणि बरोबर होता. आता भावाला डोळ्यांपुढे ठेवून बोलता आहात आणि तुमचा राग रास्त आहे. हात थांबला तो तुमच्यातल्या या दोघी एकाच वेळी जाग्या झाल्या म्हणून. त्या निवेदनाची प्रत परत देताना पेन्सिलीने ‘संस्था’, ‘पद’, ‘अवमान’ आणि ‘अस्वस्थता’ खोडा, ‘खोटा’च्या आधी ‘जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने’ लिहा, कैदेच्या जागी भरपाई आणि तितक्याच ठळक माफीची मागणी घाला. ते कबूल असतील तर सही करा. कबूल नसतील तर का नाही ते भावाला समोर बसवून त्यांना विचारा.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करा. बदनामीच्या दिवाणी दाव्याला मुदत फार थोडी असते. इंग्लंडमध्ये एक वर्ष, भारतातही एकच वर्ष. चार महिने गेले आहेत. तुमच्याकडे नेमकी किती मुदत आहे आणि ती कोणत्या तारखेपासून मोजतात, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, आणि त्या भेटीला भावाला बरोबर न्या.